एका पातेल्यात दोन सुया

माझ्या फडताळाच्या वरच्या खणात एक जर्मनचं पातेलं आहे. बुडाला चेपलेलं, आतून पांढरट चुना धरलेलं. त्यात मी कधी दूध तापवलं नाही की भात केला नाही. सुनेनं ते एकदा भंगारवाल्याला दिलं तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याच्याशी भांडून परत आणलं. तिला वाटतं म्हातारीला जुन्या वस्तूंचा सोस आहे. मला अजिबात सोस नाही, अर्धं घर मीच मोडीत काढलंय. हे पातेलं मात्र माझ्याबरोबरच जाईल.

मध्यंतरी नात राहायला आली होती. नशेची सुई टोचून घेणाऱ्या लोकांमध्ये ती काम करते. त्यांना नव्या सुया देते, वापरलेल्या परत घेते, एचआयव्हीची तपासणी करून घ्या म्हणून त्यांच्या मागे लागते. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, हे काही पटत नाही. व्यसन सोडवायचं सोडून हातात सुया कसल्या देता, असं तो जेवता जेवता म्हणाला आणि नातीचा घास ताटात राहिला. पण तिची खरी अडचण बापाची नव्हती. भांडी आवरताना ती मला म्हणाली, आजी, त्यांना सगळं ठाऊक असतं. एकाची सुई दुसऱ्यानं घेतली की एचआयव्ही होऊ शकतो, कावीळ होऊ शकते, हे ते माझ्याआधी म्हणून दाखवतात. खिशात कोरी सुई असते. तरी दोघं मिळून एकच वापरतात. काहून?

मी पातेल्याकडे बघितलं. तिला म्हटलं, लिहून देईन. तोंडानं सांगायला घेतलं तर मध्येच रडू येईल, आणि रडत सांगितलेली गोष्ट मला स्वतःलाच खरी वाटत नाही.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स होते. नवरा बडनेऱ्याला मालधक्क्यावर कारकून, आणि राहायला रेल्वेचं क्वार्टर. सकाळच्या गाडीनं मी अमरावतीला जाई आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येई. नवऱ्याला मी जन्मभर 'अहो' म्हटलं. आता तो नाही, तेव्हा इथे 'तो' म्हणून घेते. जिवंत असता तर माझी बिशाद नव्हती.

आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. घरातले देव त्यानं स्वतः पोत्यात भरून नदीवर नेले, पण नेण्याआधी आईला एकदा हात लावू दिला. असा होता तो, कडक आणि मऊ एकाच वेळी. दीक्षेनंतर त्यानं बरंच काही मागे टाकलं, एक गोष्ट मात्र सुटली नाही. लहानपणी चांदूर रेल्वेच्या बाजारात एका हाटेलाबाहेरच्या कोनाड्यात आमच्या लोकांसाठी कान तुटलेला कप ठेवलेला असे. चहा वरून ओतायचे. पिऊन झालं की कप आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. मग हाटेलवाला किटलीतलं उकळतं पाणी आणून त्या कपावर आणि हात लागलेल्या जागेवर ओतायचा, पिणारा तिथून हलायच्या आत. त्या वाफेचा वास अजून येतो, असं नवरा म्हणायचा. वाफेला कसला आलाय वास, असं मी एकदा म्हणाले तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

लग्नानंतर काही काळ त्याची बदली अकोल्याला होती. तिथं त्याला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. चांगला धिप्पाड माणूस जमिनीवर गडबडा लोळायचा. अकोल्यातल्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं. शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरकडचा एक शेतकरी होता, कुणबी, घरची काळीभोर जमीन असलेला. कापसाच्या गाडीचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं होतं. सगळे त्याला पाटील म्हणत, म्हणून मीही पाटीलच म्हणते. दोघांनाही वेदना थांबवण्यासाठी मॉर्फियाची सुई देत.

तेव्हा सगळीकडेच एक रीत होती. सकाळी सुया उकळून घ्यायच्या आणि मग एकच काचेची सिरिंज घेऊन रांगेनं खाटा करायच्या. दोन खाटांच्या मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. मीही तसंच केलेलं आहे. सुया मोजक्या आणि माणसं रांगेत कण्हत पडलेली, कोण थांबणार? तर पाटलाला टोचलेली सुई तशीच माझ्या नवऱ्याच्या दंडात जाई. एकदा उलट्या बाजूनं रांग सुरू झाली आणि नवऱ्याची सुई पाटलाला मिळाली. नवऱ्यानं सवयीप्रमाणे त्याच्या तोंडाकडे बघितलं, आता हा काय म्हणतो म्हणून. पाटील हसला आणि म्हणाला, "झालो बाप्पा आपून सुईभाऊ."

हा किस्सा नवऱ्यानं मला इतक्यांदा सांगितला की खाटेवरच्या चादरीचा रंगसुद्धा मला पाठ आहे. आयुष्यात पहिल्यांदा एका पाटलानं त्याच्यानंतर काहीतरी घेतलं होतं, न पुसता, न धुता.

पुढे खडा पडला, पाटलाची मांडी जुळली, पण सुई काही सुटली नाही. ओळखीच्या एका कंपाउंडरकडून औषध मिळत राहिलं. आमची बदली बडनेऱ्याला झाली आणि पाटील दर रविवारी दुपारच्या पॅसेंजरनं यायला लागला. मागच्या खोलीत दोघं बसायचे. चष्म्याच्या पत्र्याच्या घरात एक काचेची सिरिंज होती, तीच दोघांची. कधी हा आधी घ्यायचा, कधी तो. घेऊन झालं की दोघं भिंतीला टेकून कापसाबद्दल आणि संत्र्यांच्या बागांबद्दल बोलत बसायचे. तेव्हा त्यांच्याइतके भले लोक अख्ख्या वऱ्हाडात नसतील.

हे व्यसन आहे, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी सगळे प्रकार करून बघितले. रडले, माहेरी जाऊन बसले, एकदा सिरिंज दगडावर फोडली. पुढच्या रविवारी दुसरी आली. नवरा वाईट नव्हता. कामावर जाई, पोराला खांद्यावर घेऊन स्टेशन दाखवी, माझ्यावर कधी हात उगारला नाही. फक्त सुई नसली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याचं अंग मोडून यायचं, नाक गळायचं, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की माझं नर्सपण गळून पडायचं. शेवटी मी मनाशी म्हटलं, सुई सोडवणं माझ्या हातात नाही. मग माझ्या हातात काय आहे? उकळणं.

आठवडाभरात ती डबी हाती लागली की मी सुई गुपचूप उकळून ठेवी. पण खरा धोका रविवारी, दोघांच्या मध्ये होता, आणि तिथं मला कुणी येऊ देईना. मी पहिल्यांदा पातेलं घेऊन खोलीत गेले तेव्हा नवऱ्याचं घेऊन झालं होतं आणि पाटील बाही वर करत होता. म्हटलं, जरा थांबा, मी उकळून देते. नवऱ्याचा चेहरा जो उतरला, तो मी अजून विसरले नाही. पाटलानं ते बघितलं. त्यानं माझ्यासमोर ती सुई तशीच उचलली आणि टोचून घेतली. "वयनी, आमच्यात असं काई चालत नाई," तो म्हणाला. नवरा इतका खूश झाला की त्या संध्याकाळी त्यानं मला मोगऱ्याचा गजरा आणला. मी तो केसात माळला आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

मला एक गोष्ट मात्र दिसत होती, जी बोलायची नव्हती. पाटील आमच्याकडे पाणी पीत नसे. मूर्तिजापूरहून गाडीत उकडून यायचा, स्टेशनापासून पायी यायचा, ओठ सुकलेले असायचे. मी पेला पुढे केला की म्हणायचा, नाई वयनी, स्टेशनावर पेलो. चहालाही तेच, भाकरीलाही तेच. नवरा त्या वेळी नेमका काहीतरी शोधायला उठायचा.

मग एका उन्हाळ्यात पाटील आला तो पिवळा होऊन. डोळे हळद लावल्यासारखे झाले होते. गळ्यात काविळीची माळ होती, त्याच्या बायकोनं कुणाकडून तरी मंतरून आणलेली. ही कावीळ त्याला कुठून लागली, कोण जाणे. तो आणखीही कुठे, कुणाबरोबर सुई घेत असेल. त्या दिवशी औषधच मिळालं नव्हतं म्हणून दोघं नुसतेच बसले आणि पाटील लवकर गेला. सुईनं कावीळ एकातून दुसऱ्यात जाते, असं आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर तेव्हा म्हणू लागले होते. आमच्या वॉर्डातली एक नर्स काविळीच्या रोग्याची सुई बोटात घुसून आजारी पडली आणि मग परत कामावर आलीच नाही. पुढच्या रविवारी तीच सुई पाटलाच्या दंडातून माझ्या नवऱ्याच्या दंडात जाणार होती. पोरगं तेव्हा पाच वर्षांचं होतं.

मी नवऱ्याला समोर बसवलं. म्हटलं, "त्यायचे डोये पाह्यले ना तुमी? आता त्यायची सुई घेऊ नका."

तो म्हणाला, "मी चांगला होतो का वाईट, हे न पाह्यता त्यानं माई सुई घेतली. आता थो बिमार हाय तं मी त्याचा इटाय धरू?"

"हा इटाय नाई," विटाळाचं नाव ऐकून मी म्हटलं. "ही सफाई हाय."

"सारे असंच म्हनत होते," तो म्हणाला. "त्या हाटेलवाल्यालेही इचारलं असतं तं त्यानं सफाईच म्हटलं असतं."

शरीराचं शास्त्र मी शिकले होते. पण ज्याच्या कपावर उकळतं पाणी ओतलं गेलं त्याला उकळण्याचा अर्थ काय सांगायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला मरणाची भीती नव्हती असं नाही. आपल्या हातून त्या कोनाड्यासारखं काही घडेल, याची भीती मरणापेक्षा मोठी होती. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी तो मला फार मोठा वाटला. नवऱ्याबद्दल असं दोन्ही एकदम वाटणं काही सुखाचं नसतं.

त्या आठवड्यात मी अमरावतीहून दुसरी सिरिंज आणली. आधीच्यापेक्षा जरा लांब होती, म्हणजे ओळखू यावी. रविवारी दोन्ही सिरिंजा आणि सुया पातेल्यात घातल्या, पाणी भरलं, पातेलं स्टोव्हवर ठेवलं आणि स्टोव्ह पेटवला नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पाटील आला तो भिंतीला हात धरत. मी माठातून तीन पेले भरले आणि तिघांच्या मध्ये ठेवले.

"नाई वयनी," पाटील म्हणाला, "स्टेशनावर पेलो."

"भाऊजी, बडनेऱ्याच्या स्टेशनावर तुमी किती पानी पेता?" मी म्हणाले. तो हसायला गेला, पण मी हसत नव्हते. "यायच्या अंगातली सुई तुमाले चालते. माया माठातलं पानी काऊन चालत नाई?"

मला वाटलं नवरा आता माझ्यावर धावून येईल. तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा मला समजलं की त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो जे शोधायला उठायचा, ते कधी हरवलेलंच नसायचं. पाणी मिळत नव्हतं म्हणूनच त्यानं सुईला इतकं घट्ट धरलं होतं.

पाटील माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "घरी गेलो का माय इचारते, त्यायच्या घरी पानी पेला का रे? तिच्यासंग खोटं बोलता येत नाई मले. सुईचं तिले समजत नाई, पान्याचं समजते. म्हनून जे देता येत होतं थे देऊन राहिलो होतो."

एवढं बोलून त्यानं पेला उचलला. पाणी त्याच्या हनुवटीवरून माळेवर ओघळलं. तो सगळा पेला प्यायला आणि अजून मागितलं. नवऱ्यानं उठून स्वतः भरून दिलं. मग नवरा प्यायला, मग मी.

"आता मायले काय सांगशीन?" नवऱ्यानं विचारलं.

"इचारलं तं पेलो म्हनून सांगीन."

काविळीच्या माणसाचा पेला उकळायला हवा, हे मला दिसत होतं. नवरा माझ्याकडेच बघत होता, आता ही काय करते म्हणून. मी तिन्ही पेले उचलले, त्याचा, पाटलाचा आणि माझा, आणि त्या पातेल्यात सुयांशेजारी आडवे कोंबले. पाणी काठावरून सांडलं. स्टोव्ह पेटवला. पाण्याला आधण आलं तसे पेले एकमेकांवर खडखडू लागले. नवरा जवळ येऊन उकिडवा बसला. वाफ त्याच्या तोंडावर येत होती, पण तो मागे सरला नाही.

"तिघाइचे?" त्यानं विचारलं.

"तिघाइचे," मी म्हणाले.

त्या दुपारी पाटलानं लांब सिरिंज घेतली आणि नवऱ्यानं आखूड. व्यसनी नवऱ्याच्या हातात मी आपण होऊन उकळलेली सुई दिली. माझ्या मुलाला हे वाचून काय वाटायचं ते वाटो. त्याला बाप राहिला तो त्या दुपारमुळे.

पुढचे काही रविवार पाटील येत राहिला. पाणी प्यायचा, चतकोर भाकर ताकात कुस्करून खायचा. त्याच्या आईनं विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं. त्यावर तिनं त्याची थाळी आणि पेला घरात वेगळा काढला. काविळीमुळे काढला की आमच्या पाण्यामुळे, हे काही ती बोलली नाही. "आता माई थाळी कोनाड्यात," असं पाटलानं सांगितलं आणि दोघं इतके हसले की नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

पेरण्या आटोपल्या आणि त्या काविळीतच पाटील वारला. नवरा त्याच्या गावी जाऊन आला. तिथं काय झालं, त्याला कुठे बसवलं, पाणी कुणी आणि कसं दिलं, यातलं काहीही त्यानं मला सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी रोज सकाळी त्याला दारात उन्हाकडे तोंड करून उभं करी आणि डोळ्यांच्या पापण्या ओढून बघे. तो वैतागायचा. डोळे पांढरेच राहिले. त्याची सुई सुटली, पण ती बऱ्याच वर्षांनी, एका दमात नाही आणि माझ्यामुळे तर नाहीच. सुटेपर्यंत तो जिवंत होता, एवढंच माझ्या पदरात.

तेव्हा बाई, तुझ्या 'काहून'चं उत्तर मला असं दिसतं. तुझ्याकडच्या लोकांचं मला माहीत नाही, त्यांचं दुःख निराळं असेल. पण ज्याला कुणी जवळ करत नाही, त्याची सुई एखादा न पुसता घेतो, तेव्हा त्याला नुसती नशा मिळत नाही. म्हणून सुया देतेस त्या देत राहा, बापाचं ऐकू नकोस. आणि त्यांच्यासोबत बसून पाणी पीत जा.

पाटील गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी पातेल्यात एकच सिरिंज टाकून स्टोव्ह पेटवायला बसले. नवरा आतून चष्म्याचं घर घेऊन आला. त्यातून त्यानं पाटलाची लांब सिरिंज काढली आणि आपल्या सिरिंजेच्या शेजारी पाण्यात सोडली. मी म्हटलं, आता ही कायले?

"राहू दे," तो म्हणाला. "एकटीच उकयली तं थो कप आठवते."